ट्रुगानिनाचं टेबल

केलीव्हिल

मुलीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी मी फेब्रुवारीत सिडनीला गेले, तेव्हा परतीचं तिकीट मे महिन्याचं होतं. मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि मी केलीव्हिलच्या त्या नव्या, एकसारख्या घरांच्या वस्तीत अडकले. बाळ पालथं पडलं, रांगायला लागलं, त्याला दात आले, तरी मी तिथेच. लोकांना वाटतं, परदेशात वर्षभर राहिले म्हणजे केवढं पाहिलं असेल. मी पाहिलं ते मागचं अंगण, कपडे वाळत घालायची गोल फिरणारी दोरी आणि कुंपणापलीकडचा शेजारी. तो रोज संध्याकाळी लांबून हात हलवून ‘हाउ यू गोइंग?’ विचारायचा आणि उत्तर ऐकायच्या आधीच आत जायचा. या सगळ्या मुक्कामात माझा खरा प्रवास एकच झाला, सिडनी ते मेलबर्न, आणि तो मी पर्यटनासाठी केला नाही.

ऑगस्टमध्ये मेलबर्नमध्ये अमोल गेला. अमोल माझा विद्यार्थी. नागपूरला इंदोऱ्यात मी शाळेत चित्रकला शिकवायची आणि रविवारी घरी वर्ग घ्यायची. त्या वर्गात तो सहावीपासून यायचा. पुढे चित्रकलेचं शिक्षण घेऊन डिझाइनच्या मास्टर्ससाठी मेलबर्नला गेला आणि तिथेच राहिला. त्याची आई शोभाताई महापालिकेच्या दवाखान्यात आया होत्या. वडील लवकर गेलेले. मुलगा डिझाइनच्या स्टुडिओत काम करतो, छान फ्लॅटमध्ये एकटा राहतो, एवढं त्या वस्तीत सगळ्यांना सांगत. व्हिडिओ कॉलवर तो नेहमी एका पांढऱ्या भिंतीसमोर बसलेला दिसायचा. बाजूला एक हिरवंगार रोप. मीही तेच पाहिलं होतं.

त्याच्या अंत्यसंस्काराला मोजक्याच लोकांना परवानगी होती. त्याच्या ओळखीचे तिथले लोक विलगीकरणात, त्यामुळे त्यांच्यापैकी कुणी नाही. तिथल्या एका कर्मचाऱ्याने फोन धरून ठेवला आणि आम्ही सगळे स्क्रीनवर. भन्तेजींचा आवाज मध्येच तुटला, पुन्हा जोडला जाईना. तेव्हा केलीव्हिलच्या स्वयंपाकघरात उभं राहून मी त्रिशरण आणि पंचशील म्हटलं. नागपूरहून शोभाताई माझ्यामागून म्हणत होत्या, पण त्यांचा आवाज थोडा उशिरा यायचा. माझं ‘दुतियम्पि’, म्हणजे दुसरं आवर्तन, सुरू झालं की त्यांचं पहिलं संपायचं.

पुढे त्यांचा फोन आला. “मॅडम, तुमी तिथंच आहात ना बाप्पा. पोराचं सामान कोण आणन? कपडे नको मले. त्याचं चितर असन एखादं, तेवढं आणा.”

पण न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया यांची हद्द बंद होती. एकाच देशातल्या दोन राज्यांत पोलिसांनी अडवलेले रस्ते. नोव्हेंबरअखेर ती उघडली, तसा माझा जावई संदीप म्हणाला, “आई, चला. मी दोन दिवस सुट्टी टाकतो.” तो रेल्वेच्या सिग्नलांचं काम करतो, बोलतो कमी. निघताना सहा वर्षांची नात इरा दारात उभी होती. तिने विचारलं, “आजी, इज ही डेड फ्रॉम कोविड?” मी हो म्हटलं. “देन डोन्ट टच हिज थिंग्ज,” असं सांगून ती आत गेली. मुलीने तिला दटावलं, पण पोरगी वर्षभर हेच ऐकत आली होती.

ह्यूम हायवे

सिडनी संपता संपता रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जळलेलं जंगल लागलं. मागच्या उन्हाळ्यातल्या वणव्यांचं. युकॅलिप्टसचे बुंधे कोळशासारखे काळे आणि त्या काळ्या सालीतूनच, फांद्यांची वाट न बघता, हिरवी पालवी फुटलेली. झाडाने अंगावर केस उगवावेत तशी. बघायला सुंदर वाटलं नाही. जगायची घाई झाल्यासारखं काहीतरी होतं त्यात.

पुढे गोलबर्नजवळ काँक्रीटचा एक अजस्र मेंढा रस्त्याकाठी उभा आहे. आपल्याकडे गावाच्या वेशीवर देव असतो, इथे मेंढा. त्यापुढे नुसती कुरणं, गवताचे गोल भारे आणि मैलोन् मैल माणूस नाही. आमच्याकडे एवढ्या जागेत चार तालुके बसले असते.

जेवायला एका थांब्यावर उतरलो. मी तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. डबा उघडून पुरी हातात घेतली तोच झाडावरून एक जाडजूड पक्षी सुळकन आला आणि पुरी घेऊन गेला. माझ्या बोटांना त्याची चोच घासली. संदीप म्हणाला, “कुकाबरा. त्याला सॉसेज वाटलं असेल.” पक्ष्याने ती पुरी मारलेल्या सापासारखी फांदीवर दोनदा आपटली, मग गिळली. कित्येक महिन्यांनी मी मोकळेपणाने हसले आणि लगेच आपण कुठे निघालोय ते आठवलं.

गाडीत संदीपने अमोलबद्दल विचारलं. मी त्याला माझा रविवारचा वर्ग सांगितला. क्युबिझम शिकवायची माझी एक पद्धत होती. मध्ये टेबलावर तांब्या, वाटी, लसणाची गड्डी ठेवायची आणि मुलांना सांगायचं, जागेवरून उठा. फिरा. इथून दिसलं ते काढा, तिथून दिसलं तेही त्याच कागदावर काढा. बाकीची मुलं गोंधळ घालायची. अमोल मात्र टेबलाखाली जाऊन, तिथून वाटीचं बूड दिसत नाही म्हणून तक्रार करायचा. मग मी मुलांना पॅरिसबद्दल सांगायची. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी तिथे ही चित्रं काढणाऱ्यांतले कितीतरी जण परगावचे, परदेशचे. थंड, भाड्याच्या खोल्यांत राहणारे. उबेसाठी कॅफेत बसायचे. म्हणून त्यांच्या चित्रात सारखं तेच टेबल, बाटली, पेला, पाइप, अर्धं कापलेलं वर्तमानपत्र. मग त्या वर्तमानपत्रातलं युद्ध खरंच आलं आणि टेबलाभोवतीची माणसं खंदकांत गेली. परीक्षेत मात्र विचारतात ते कोन आणि पृष्ठभाग.

 संदीप म्हणाला की तो शिकायला आला तेव्हा सिडनीत क्वेकर्स हिलला एका घरात आठ जण राहायचे. गादी एक, झोपणारे दोन, एक दिवसा आणि एक रात्री. गादी कधी गार व्हायचीच नाही. हे त्याने आजवर माझ्या मुलीलाही नीट सांगितलं नव्हतं.

अल्बरीला मोटेलमध्ये उतरलो. सकाळी न्याहारीला टोस्ट आणि ते काळं, खारट व्हेजिमाइट. संदीप ते लोणी लावून आवडीने खातो. मला ते औषध वाटलं. मग मरे नदी ओलांडली. हद्दीवर आता कुणी नव्हतं. पाणी भरून जड केलेले नारिंगी प्लास्टिकचे अडथळे रस्त्याच्या कडेला ढकलून ठेवलेले आणि पोलिसांच्या तंबूच्या जागी गवत पिवळं पडलेला एक चौकोन. एवढ्याने महिनोन् महिने माणसं थांबली होती.

ट्रुगानिना

मेलबर्नच्या पश्चिमेला माळावर अचानक उगवलेली वस्ती. झाडं अजून काठ्यांना बांधलेली, रस्ते रुंद आणि वारा असा की गाडीचं दार हातातून सुटावं. दुकानांवर पंजाबी, तेलुगू, गुजराती नावं. अमोलचं घर एका गल्लीच्या टोकाला होतं. बाहेरून केलीव्हिलच्या घरांसारखंच, नीटनेटकं.

दार उघडलं विशालने. नांदेडचा, तिशीतला, मांस कापण्याच्या कारखान्यात कामाला. त्याने जय भीम केला आणि दोन पावलं मागे सरकून उभा राहिला, मास्क लावलेला. ज्या घरात अमोल एकटा राहतो असं आम्ही समजत होतो, तिथे सहा जण राहायचे, त्याला धरून. दुपारची वेळ होती, दोघे झोपलेले, दोघे कामावर. त्यामुळे आवाज करायचा नाही, हे विशालने आधीच हळू आवाजात सांगितलं.

त्यानेच आम्हाला अमोलची जागा दाखवली. ती गॅरेजमध्ये होती. गाडी ठेवायच्या जागेत प्लायवूड लावून केलेली खोली, खाली सिमेंटची फरशी, एका बाजूला लोखंडी शटर. एका कोपऱ्यात दोन खिळ्यांना पांढरी चादर ताणून बांधलेली, समोर खुर्ची, शेजारी कुंडी. मी रोपाला हात लावला. प्लास्टिकचं होतं.

मी त्या खुर्चीवर बसले. 

विशाल सांगत गेला आणि मी ऐकत गेले. स्टुडिओत नोकरी कधीच नव्हती. काही महिने फुकट काम करून घेतलं त्यांनी, मग ‘सॉरी मेट’. तेव्हापासून अमोल एका वृद्धाश्रमात केअरर होता, बहुतेक रात्रपाळीला. म्हाताऱ्यांना कूस बदलून द्यायची, धुवायचं, भरवायचं. ते काम त्याला आवडायचं, असंही विशाल म्हणाला. आजार पसरला तेव्हा सरकारने घरी बसलेल्यांना मदत दिली, पण ती तात्पुरत्या व्हिसावाल्यांना नव्हती. त्यामुळे या घरात घसा दुखला तरी सगळे शिफ्टला जात.

मग त्याने कपाटामागून चित्र काढलं. भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं होतं. अडीच फुटी हार्डबोर्ड.

पहिल्या नजरेला करडा, खाकी, शेवाळी रंगांचा नुसता चुराडा. मग हळूहळू टेबल दिसलं. ते सुपासारखं पुढे कललेलं, वरून पाहिलेलं आणि बाजूनेही. त्यावर स्टीलचा डबा, त्याचं झाकण एका बाजूने गोल, दुसऱ्या बाजूने नुसती रेघ. कुकरची शिट्टी. तांदळाच्या पोत्यावरचा ‘बासमती’ हा शब्द अर्ध्यात कापलेला, जसं पॅरिसवाले वर्तमानपत्राचं नाव कापायचे. गळ्यात अडकवायचं ओळखपत्र, त्यात चेहरा नाही. कडेवरून लोंबणारा निळा रबरी हातमोजा. आणि कप, वेगवेगळे, एकमेकांत घुसलेले. उजेडाची दिशाच लागत नव्हती. एका कपावर सकाळचं पिवळं ऊन, शेजारच्यावर ट्यूबलाइटचा पांढरा, तिसऱ्यावर रस्त्यावरून वळणाऱ्या गाडीच्या दिव्याचा पट्टा.

“हे असं का, मॅडम, ते मला माहितेय,” विशाल म्हणाला. “आम्ही सहा जण कधी एकत्र जेवलोच नाही. शिफ्टच तशा. प्रत्येकजण आपल्या टायमाला यायचा, बसायचा, उठायचा. अमोलने सगळ्यांना सांगितलेलं, तू बसतोस तिथून फोटो काढून मला पाठव. आम्ही हसायचो त्याला. मग हे काढलं त्याने.” कुठला कप कुणाचा, डबा कुणाचा, तेही त्याने बोट ठेवून सांगितलं.

पस्तीस वर्षं मी हा विषय शिकवला. इतकं सरळ कारण असलेलं क्युबिस्ट चित्र मी पहिल्यांदा पाहत होते.

तेवढ्यात गुरप्रीत उठून आला. ट्रक चालवणारा पंजाबी, याच घरातला. त्याने चहा केला आणि आम्हाला त्या टेबलापाशी बसवलं. खरं टेबल साधं, पांढऱ्या सनमायक्याचं, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. चहा समोर आला, पण विशालने कपाला हात लावला नाही.

“मॅडम, माझ्यामुळे आला तो घरात,” तो म्हणाला. “आमच्या कारखान्यात निघाले होते पेशंट. मला खोकला होता. मी दोन दिवस तसाच गेलो कामाला. पहिला पॉझिटिव्ह मी. अमोल माझ्या दारात ताट ठेवायचा, दार वाजवायचा आणि पळायचा. मी बरा झालो.”

गुरप्रीत म्हणाला, “आंटी जी, इसके ओल्ड एज होम में भी तो फैला था. कौन बता सकता है किधर से आया? इसको समझाओ आप.”

 मी खोटं बोलून ‘तुझ्यामुळे नाही’ म्हणू शकत नव्हते, आणि ‘तुझ्यामुळे’ म्हणायला मी कोण? मी विचारलं, शेवटी तो कसा गेला घरातून. विशाल म्हणाला, चालत गेला. अँब्युलन्समधली माणसं अंगभर प्लास्टिक घालून आली होती. अमोलने हातात फोनचा चार्जर घेतला, दारातून वळून सगळ्यांना सांगितलं की डाळ भिजत घातली आहे, फुकट घालवू नका. सुरुवातीला हॉस्पिटलमधून मेसेज यायचे. मग नळी घातली आणि मेसेज थांबले.

निघताना विशालने चित्र चादरीत गुंडाळून दिलं. गाडीपर्यंत आला आणि म्हणाला, “एक रिक्वेस्ट आहे. काकूंना हे गॅरेज वगैरे सांगू नका. इतकी वर्षं त्याने जपलंय. चित्रातून त्यांना काही कळणार नाही. तुम्ही नुसतं म्हणा, मॉडर्न आर्ट आहे.”

परत

त्याचं म्हणणं मला पटलं होतं. अल्बरी येईपर्यंत मी मनाशी ठरवूनही टाकलं. एका आईकडे आता उरलंय काय? मुलगा सुखात होता, एवढंच ना? ते कशाला काढून घ्यायचं? मी तसं संदीपला म्हटलं.

त्याने गाडी बाजूला घेतली. पेट्रोल भरायचं होतं असं म्हणाला, पण पंपापासून आम्ही लांबच थांबलो होतो.

“आई, सांगा तुम्ही,” तो म्हणाला. “माझ्या आईला वाटत होतं मी इथे मजेत आहे. मी तसंच सांगायचो. ती गेली तेव्हाही तिला तेच वाटत होतं. लोक म्हणाले, बरं झालं, समाधानाने गेली. पण माझ्या आयुष्यातली ती चार वर्षं तिला माहीतच नाहीत. मी काय सोसलं, कुणी मला हात दिला, काहीच नाही. तिने जो मुलगा मागे ठेवला, तो मी नव्हतोच.”

एवढं सलग तो माझ्याशी त्याआधी कधी बोलला नव्हता. मग त्याने खरंच जाऊन पेट्रोल भरलं. येताना दोन मीट पाय, म्हणजे खिमा भरलेल्या पेस्ट्र्या, घेऊन आला, कागदी पिशवीत, वरून टोमॅटो सॉस. आतला खिमा इतका गरम होता की माझी जीभ पोळली. तरी सगळा खाल्ला. मागच्या सीटवर चित्र आडवं ठेवलेलं होतं आणि वळणावर ते सरकू नये म्हणून मी मागे हात करून बसले होते.

नागपूर

जानेवारीत अडकलेल्यांना परत नेणाऱ्या विमानात मला जागा मिळाली. मुंबईला कस्टमच्या माणसाने चादर सोडायला लावली, चित्र उलटं धरून पाहिलं आणि विचारलं, यात आहे काय? मी म्हटलं, जेवणाचं टेबल. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि जा म्हणाला.

विलगीकरण संपल्यावर मी इंदोऱ्यात शोभाताईंच्या घरी गेले. समोरच्या खोलीत बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो, खाली अमोलचा, पदवीच्या झग्यातला. शोभाताईंनी पाणी दिलं आणि जमिनीवर सतरंजी टाकली. मी चित्र भिंतीला टेकवून ठेवलं.

त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, “मॅडम, मले तर काहीच समजत नाही यातलं. तुमी सांगा.”

मॉडर्न आर्ट आहे, असं म्हणायची वेळ ती होती. मी चित्राजवळ सरकले आणि बोट ठेवून सांगायला लागले. हा गुरप्रीतचा कप. हा विशालचा डबा, तो कारखान्यात नेतो. हा निळा हातमोजा अमोल कामाला वापरायचा तो. कसलं काम, तेही सांगितलं. गॅरेज सांगितलं, चादर सांगितली, प्लास्टिकचं रोप सांगितलं. दारात ठेवलेलं ताट सांगितलं आणि विशाल काय म्हणाला तेही. बोलताना मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

मी थांबल्यावर त्या म्हणाल्या, “काहून नाही सांगितलं त्यानं मले? मी का दुसऱ्याची घाण साफ केली नाही जन्मभर? मले लाज वाटली असती का त्याची?”

 त्या उठल्या, चित्र चादरीत गुंडाळलं आणि लोखंडी कपाटामागे सरकवलं. मला चहा विचारला नाही. नागपूरला कुणाच्या घरून बिनचहाची मी कधी परतले नसेन. रस्त्याने येताना वाटलं, संदीपचं ऐकून मी चुकले. एका बाईचा मुलगा मी दुसऱ्यांदा नेला.

मार्चमध्ये नागपुरात आजार पुन्हा उसळला, पुन्हा टाळेबंदी आली. आमच्या गल्लीतूनही माणसं जायला लागली. अशात एका सकाळी शोभाताईंचा फोन आला. नांदेडच्या पोराचा नंबर द्या म्हणाल्या, बाकी काही नाही. मी दिला आणि दिवसभर घाबरून होते. विशालही घाबरला होता, असं त्याने नंतर मला सांगितलं. स्क्रीनवर काकूंचा चेहरा पाहून त्याने आधी माफीच मागायला सुरुवात केली. शोभाताईंनी ते ऐकून घेतलं. मग विचारलं, तुझी आई कुठे असते, तिला तू काय सांगितलं आहेस?  त्याच्या उत्तरासाठी न थांबता त्या म्हणाल्या, आधी तिला फोन कर आणि मग मला कर. त्याने केला. नांदेडला त्या दिवशी काय झालं ते त्याने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मग गुरप्रीतचा फोन झाला. त्यांचं वऱ्हाडी वळणाचं हिंदी त्याला नीट कळत नाही आणि त्याचं पंजाबी वळणाचं त्यांना, तरी बराच वेळ बोलणं चालतं म्हणे. अमोल जेवायला कुठे बसायचा, कुणाच्या नंतर बसायचा, मीठ जास्त झालं की काय म्हणायचा, हे त्या एकेकाला विचारत असतात. त्या घरातल्या तिसऱ्याचाही फोन झाला.

परवा मास्क लावून मी त्यांच्याकडे गेले होते. चहा मिळाला. भिंतीवर अमोलच्या फोटोशेजारी एक खिळा ठोकलेला दिसला, नवा. पण चित्र अजून कपाटामागेच होतं. मी विचारलं, लावत का नाही?

“लावीन ना,” शोभाताई म्हणाल्या. “त्या घरातल्या दोघांशी बोलायचं राह्यलं अजून. ज्याइले ओळखतच नाही, त्याइचे कप माह्या घरात कसे लावू?”